मागच्या दाराचं भोक

माय,

आज मागच्या दाराला मांजरीसाठी भोक पाडून घेतलं. हे काही मायेचं पत्र होणार नाही हे आधीच सांगून ठेवते. तू जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं नाही, आणि वाटलं ते या भोकापायी. तुझं उंद्रीचं घर विकलं, त्या घराचं मागचं दार कुणी चुलीत घातलं की गोठ्याला लावलं, कोण जाणे. मी मात्र चिखलीत बसून आज दिवसभर तेच दार पाहते आहे.

मांजर माझ्या नातीने आणली. बसस्टँडमागच्या रसवंतीजवळ सापडली म्हणे. मांजर पिलांना सात घरं दाखवते म्हणतात, पण हिच्या आईने एकही न दाखवता हिला टाकलं असावं, आणि आमचं पहिलंच घर हिने कायमचं धरलं. मला मांजर आवडत नाही. आवडत नाही हा सभ्य शब्द झाला. मला किळस येते. तिचे केस पोळीच्या डब्यात निघतात. ती अंगणातून पाल धरून आणते, अर्धी खाते आणि अर्धी माझ्या पायपुसण्यावर ठेवते, जणू प्रसाद. तिच्यासाठी पाकिटातलं जे खाणं येतं त्याला सुकटीचा वास मारतो, आपल्या घरात ज्याचं नाव कधी निघालं नाही. मग ते खाऊन ती घशातून कसलासा आवाज काढत केसांचा ओला गोळा ओकते, आणि नात म्हणते, "आजी, असं होतच असते तिले." होत असेल. पण ते पुसायला फडकं घेऊन मीच वाकते.

तर या बाईसाहेबांना दिवसातून वीस वेळा बाहेर जायचं असतं आणि वीस वेळा आत यायचं असतं. दार लावलं की नखांनी ओरबाडते, उघडं ठेवलं की शेजारचा बोका आत येऊन दुधात तोंड घालतो. त्यावर माझ्या सुनेने मोबाईलवरून एक प्लास्टिकची चौकट मागवली. दाराला भोक पाडायचं, त्यात ती बसवायची. तिला लोंबती झडप असते, मांजर डोक्याने ढकलून ये-जा करते. खोकं आलं त्या दिवशी मी म्हटलं, या घरात दाराला भोक पाडायचं नाही. इतक्या जोरात म्हटलं की मुलगा जेवता जेवता थांबला. सून म्हणाली, "आई, भोकच तं पाडायचं हाये, एवढा राग काऊन येऊन राह्यला तुम्हाले?" मी म्हटलं, घाण आहे ती. ते खोकं मग दोन महिने कपाटावर पडून होतं. त्यांना वाटलं म्हातारीला मांजराचा तिटकारा आहे. तो आहेच, पण राग त्याचा नव्हता.

मी तेराची होते. पाळीच्या पहिल्या महिन्यात तू मला मागच्या पडवीत बसवलंस, सरकीच्या पोत्यांशेजारी, गोणपाटावर. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंस. जेवण द्यायला दार जरासं उघडून तू ताट खाली ठेवायला वाकलीस आणि मी, मला काय माहीत, ते घ्यायला हात पुढे केला. माझी बोटं तुझ्या बोटांना लागली. तू असा हात मागे घेतलास की ताट पडलं. तुला परत अंघोळ करावी लागली, पुन्हा स्वयंपाक करावा लागला, आणि तू न्हाणीतून मोठ्याने बोलत होतीस ते मी गोणपाटावर बसून ऐकत होते. तुझ्या तोंडावर जे दिसलं ते रागाचं नव्हतं, माय. रागाची मला सवय होती. ते दुसरं होतं. पाल पाहिल्यावर माझ्या तोंडावर येतं ते.

पंधरा दिवसांनी गावचा सुतार आला. बाबांना तू सांगितलं होतंस की उंदरं फार झालीत, मांजरीला स्वयंपाकघरात यायला दाराला खालून भोक पाहिजे. आणि सुतारासमोर तू माझं ते जर्मनचं ताट आणलंस, दाराच्या तळाशी आडवं टेकवलंस आणि चुलीतल्या कोळशाने त्याच्या दोन्ही बाजूंना रेघा ओढल्यास. तो म्हणाला, "वहिनी, मांजरीले उभं भोक लागते. हे असं आडवं काऊन?" तू म्हणालीस, "तू पाड. मांजर आमची हाये." त्याने पाडलं. रुंद आणि बुटकं. मांजर त्यातून पोट जमिनीला घासत जायची. मी त्या वेळी हसले होते. मला खरंच वाटलं होतं की माप चुकलं. पुढच्या महिन्यात त्या भोकातून ताट सरकत बाहेर आलं तेव्हा कळलं की माप अगदी बरोबर होतं.

तू ते फुंकणीने ढकलायचीस. आधी भाकरीची कड दिसायची, मग वरणाची वाटी, मग फुंकणीचं काळं टोक. मग फुंकणी आत जायची. चार दिवस तुझा एवढाच भाग मला दिसायचा. आणि मांजर, ती करडी, कान फाटलेली, दुपारभर माझ्या मांडीवर झोपायची, उठायची, अंग ताणायची आणि त्याच भोकातून आत जाऊन तुझ्या लुगड्याला अंग घासायची. एकदा मी पालथी पडून भोकाला तोंड लावून सांगितलं, "माय, हे आता माह्या मांडीवर बसेल होतं." आतून तू म्हणालीस, "मांजरीले इटाळ नसते." मी विचारलं, "मंग मले काऊन असते?" मग फुंकणी आली आणि ताट आणखी वीतभर बाहेर सरकलं. "जेव चुपचाप," तू म्हणालीस. त्या उत्तराची मला आजही शिसारी येते. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं.

आता लोणच्याचं सांगते, कारण ते तुला कधी सांगितलं नाही. त्या वर्षी कैरी घातलीस तेव्हा मी बाहेर होते. तीन दिवस आभाळ होतं, ऊन नव्हतं. मी पोटावर पडून भोकातून पाहत होते; करायला दुसरं होतं काय. तू ती पिवळी-तपकिरी चिनी मातीची बरणी धुतलीस, उन्हासाठी दोनदा बाहेर डोकावलीस, आणि मग पदराने आतून पुसून तशीच भरलीस. बरणी ओली होती, माय. तू ती तिरपी धरलीस तेव्हा तिच्या पोटातून पाण्याचा ओघळ उतरताना मी डोळ्यांनी पाहिला. भरून झाल्यावर तू ती दाराजवळ ठेवलीस आणि वाटणाचा पाटा उचलायला गेलीस. मी खांद्यापर्यंत हात भोकातून आत घातला आणि दोन बोटं बरणीला लावली. का लावली ते सांगता येणार नाही. मला वाटतं, शिवल्याने काय होतं ते मला फक्त पाहायचं होतं.

महिन्याभराने लोणच्यावर पांढरी साय आली, मग हिरवी. तू मला बोलावलंस. "खरं सांग. शिवली व्हती न तू?" मी नाही म्हणाले. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाहीस, हाताकडे पाहिलंस. आख्खी बरणी उकिरड्यावर रिकामी केलीस. आणि पुढे वर्षभर, जी बाई घरात येईल तिला, मी तिथे बसलेली असताना, सांगत राहिलीस, "घरात पोरगी मोठी झाली न, आता लोणचं टिकत नाई आमच्या इथं." बाया माझ्याकडे पाहून मान हलवायच्या. मी बरणी ओली होती हे एकीलाही सांगितलं नाही. मुख्य म्हणजे स्वतःलाही पटवून सांगू शकले नाही. ओघळ मी पाहिला होता, तरी मला वाटत राहिलं की त्या दोन बोटांनीच ते नासलं.

लग्नात तू मला तीच बरणी दिलीस. बाकी भांडी बाबांनी घेतली, ही तू स्वतः नव्या फडक्यात गुंडाळून आणलीस आणि म्हणालीस, "हे घे. चांगली वाळवून ठेवत जाय." मी ते टोमणा म्हणून घेतलं. आज लिहिताना पहिल्यांदा मनात येतं की कदाचित तुलाही माहीत होतं. बरणी ओली भरली हे तुला त्याच दिवशी माहीत असेल, आणि पोरीवर ढकलणं सोपं पडलं असेल. तसं असेल तर मला तुझा आणखीच वीट येतो. आणि ते "वाळवून" तुझ्या परीने माफी होती असंही असेल, पण ती इतकी बारीक होती की मला दिसायला चाळीस वर्षं लागली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी भाकरीचा ओला तुकडा डब्यात बंद करून ठेवायचे आणि आठवड्याने मुलांना बुरशी दाखवायचे. ओल लागते, हवा लागते, कुणाची सावली लागत नाही, असं सातवीच्या मुलींना ठणकावून सांगायचे. माझ्या घरात कधी कुणाला बाहेर बसवलं नाही. सुनेला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की आमच्याकडे हे पाळत नाहीत. लोक म्हणायचे, बाई सुधारलेल्या आहेत. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या रविवारी नातीला पहिल्यांदा पाळी आली. बारा पूर्ण व्हायचीत अजून. तिने आईला सांगितलं, आईने मला स्वयंपाकघरातच सांगितलं, मी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, शिरा केला, सगळं व्यवस्थित केलं. जेवायला बसलो. तिने बसल्या बसल्या वाकून तू दिलेल्या लोणच्याच्या बरणीकडे हात नेला, आणि माझा हात तिच्या आधी बरणीवर जाऊन बसला. "थांब, मी देते," मी म्हणाले. ती म्हणाली, "काऊन आजी? मी घेतो न." सून ताटातून वर पाहायला लागली. मांजर त्या वेळी पोरीच्या मांडीवर होती, पुढचे पाय ताटाच्या कडेला टेकवून, आणि तिला मी काहीच म्हटलं नव्हतं.

माय, माझा तो हात मला तोडून टाकावासा वाटला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सुरकुत्या पडलेला, बांगड्यांचा, हुबेहूब तुझा हात, आणि झाकणावर असा घट्ट बसलेला की जणू तिथेच उगवला. पालीचं अर्धं धड पुसताना आली नव्हती एवढी किळस मला त्या क्षणी माझी आली. पोरीच्या डोळ्यांत अजून काही नव्हतं, नुसता प्रश्न होता. आणखी दोन वेळा मी असंच "थांब" म्हटलं असतं की प्रश्न गेला असता आणि तिने हात मागे घ्यायला शिकून घेतलं असतं. मी बरणी उचलून तिच्या हातात दिली. "तूच काढ," म्हटलं, "सगळ्यांना वाढ." तिने वाढलं. मी खाल्लं. तोंडात काय चव होती ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सुताराला मीच फोन केला. सून बघतच राहिली. तिला काय सांगणार? मला एकदा माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं की दाराला खालून भोक पाडतात ते मांजरीसाठीच पाडतात. आज तो मशीन घेऊन आला. विचारलं, "मावशी, केवढं ठेवू?" नात आधीच शिवणाचा टेप घेऊन तयार होती. तिने मांजरीचे खांदे मोजले, पोट मोजलं, जमिनीपासून उंची मोजली, आणि मांजर त्या टेपशी खेळत लोळत होती. सुताराने तेवढ्याच मापाचं उभं भोक पाडलं. मी त्याला थांबवून आतून ताट आणलं आणि भोकाला लावून पाहिलं. ताट त्यातून जात नाही. वाटीसुद्धा तिरकी करावी लागते. सुताराला वाटलं असेल म्हातारी भ्रमिष्ट आहे. त्याला म्हटलं, ठीक आहे, बसवा चौकट.

मांजर तासभर त्या झडपेकडे पाहत बसली. मग डोक्याने ढकलून बाहेर गेली, आणि परत आली ती तोंडात उंदीर धरून, शेपूट लोंबत, सरळ माझ्या पायाशी. मी ओरडले, नात हसून हसून खाली बसली. उंदीर मी कागदात धरून बाहेर टाकला आणि तीनदा हात धुतले. घाण ती घाणच. त्यात माझा काही बदल झालेला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं? तुझ्या घराला आता पत्ता नाही. बरणीखालच्या फळीवर जुना कागद अंथरलेला आहे, त्याच्या खाली सरकवून ठेवेन. कुणाच्या हाती लागू नये असं वाटतं, ते तुझ्यामुळे नाही, शेवटच्या चार ओळींमुळे आहे. रविवारी जेवणं झाल्यावर, सगळे आपापल्या खोलीत गेले तेव्हा, मी स्वयंपाकघरात एकटी गेले आणि बरणीचं झाकण काढून वास घेतला. लोणचं चांगलं होतं. सोमवारी परत घेतला. आज सुतार गेल्यावरही घेतला.