हिराबाईच्या पायांवर पाणी

रविवार, २९ मार्च २०२६

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. चर्चमधून झावळी घेऊन एकटाच परत आलो, दरवर्षीसारखा. वाटेत मोहाच्या झाडाखाली थोडा बसलो. फुलं टपटपत होती. डोळे मिटले की वाटतं, कुणीतरी हळूहळू चालत येतंय.

फादर म्हणाले, "गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. यंदा तुम्ही घरी धुवा. सगळ्यांचे."

सगळ्यांचे! सांगायला काय जातं! आमच्या घरात बाप्तिस्मा झालेले दोघेच – मी आणि मुलगा नविन. आणि नविन चर्चला शेवटचा कधी आला, ते त्यालाही आठवणार नाही. बायकोचे, हिराबाईचे, देव वेगळे, सुनेचे, भारतीचे, तेच. त्यावरून भांडण कधी झालं नाही. पण सण माझ्या एकट्याचा राहिला. मी गेलो की तोही ह्या घरातून जाणार. ही काळजी छातीत बसली आहे, खोकून निघत नाही.

सोमवार, ३० मार्च

हिराबाईला विचारलं. ती मोहाची फुलं वाळत घालत होती.

"नवऱ्याने बायकोचे पाय धुवायचे? मला पाप लावतोस का, म्हाताऱ्या?"

पाप नाही, सण आहे, म्हटलं. चौथीपर्यंतच शिकलो, फादरसारखं समजावता येत नाही.

"आणि गुरुवारी माझी जत्रा. पुनव आहे. कॅलेंडर बघ जरा!"

बघितलं. खरंच की! महालक्ष्मीची जत्रा नेमकी त्याच दिवशी सुरू होते. ती पहाटे निघणार, पायी, अनवाणी. आता काय करू?

मंगळवार, ३१ मार्च

पहाटे डोळा लागला. स्वप्नात अंगणभर पाय. नुसते पाय, वर माणसंच नाहीत. कुणाचे कुठले ते ओळखू येईना. मी तांब्या घेऊन ह्यांच्यापासून त्यांच्यापर्यंत फिरतोय आणि पाणी खाली पडायच्या आधीच फुलं होतंय. जागा झालो तेव्हा पाडा अजून धुक्यात होता. दिवसभर त्या स्वप्नातच होतो. भारतीने दोनदा चहा दिला म्हणे.

बुधवार, १ एप्रिल

नविन घोलवडहून आला. हाताला चिकूचा चीक.

"माझे धुवा ना बाबा, खुशाल! दिवसभर बुटात असतात. वास सोसला तर सण तुमचा!"

भारती हसून हसून दमली. मग हळूच म्हणाली, "जत्रेहून आल्यावर आईंना पायांवर पाणी आपण देतोच ना? ते तुम्हीच ओता. सण आहे म्हणून सांगूच नका."

हुशार आहे पोरगी. पण फसवून सण होतो का? नाही जमायचं. सांगेन. मग नाही म्हणाली तर? म्हणू दे. नाही, म्हणायला नको!

गुरुवार, २ एप्रिल

दोघांचे पाय आधी धुतले. नविन गुदगुल्या झाल्यासारखा ओरडत होता. मग मान खाली घालून बसला.

चंद्र वर आला तेव्हा जत्रेहून येणारी जीप थांबली. हिराबाई ओट्यावर टेकली. कपाळाला कुंकू, ओच्यात नारळ, पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे. मी खरं तेच सांगितलं. माझा सण आहे, पाय दे.

"घे बाबा, घे एकदाचे! तुझी कटकट तरी संपेल."

दिले! घाईघाईत चुलीवरच्या हंड्यातून तांब्या भरला आणि उजव्या पायावर ओतला. गार पाण्याचं विसण घालायचं राहिलंच. कढत पाणी! माझ्या बोटांवर आलं तसा मी ओरडलो.

हिराबाई चंद्राकडे बघत होती.

"थांबलास का? ओत ना."

नविनने मोबाईलचा उजेड धरला. मी पाय उचलून बघितला. तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, आत पार गेलेला. भोवती रक्त वाळलेलं.

"हा कधी रुतला गं?"

"काय रुतला?"

शुक्रवार, ३ एप्रिल

चर्च चुकलं. सगळे डहाणूच्या दवाखान्यात.

रविवार, ५ एप्रिल

ईस्टर. दवाखान्यातच. डॉक्टरीण म्हणाली, साखर फार आहे, पायांना काही कळेनासं झालंय. पण वेळेत आणलंत, पाय राहील. जखम भरेपर्यंत उजव्याला पट्टी. डावा मात्र आजपासून घरच्यांनी कुणीतरी रोज कोमट पाण्याने धुवायचा, पुसायचा, तळवा नीट बघायचा. पुढे दोन्ही. जन्मभर.

"आज मी," नविन म्हणाला.

हिराबाई माझ्या कानाशी आली. "तुझ्या फादरने ह्या डॉक्टरणीला आधीच शिकवून ठेवलंय ना, म्हाताऱ्या?"