मर्व्हच्या दोन चड्ड्या

९ जून
क्लाइव्ह आला होता. मर्व्ह गेल्यापासून शेत हा धाकटा दीरच बघतो. म्हणाला, "तळ्यापलीकडची झाडी काढून टाकू या, डॉट. गव्हाची दोन्ही शेतं एक होतील." "चालेल," म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच चालेल म्हणते. परवा नळवाल्यालाही म्हटलं — त्याने काय विचारलं होतं, आठवत नाही.

जाता जाता फ्रिजवरच्या डब्याकडे बघून म्हणाला, "आणि त्याची राख? गव्हात टाका म्हणाला होता ना मर्व्ह?"

"टाकू."

१४ जून
शेतकरी मंडळाची माती तपासणारी केरिन आली. घरोघर जुन्या सुती चड्ड्या मागत फिरतेय. पुरून ठेवायच्या, ऑगस्टात हिवाळा सरताना उकरायच्या — मातीतल्या जीवांनी किती खाल्ल्या ते बघायला. गावात नुसता हशा पिकलाय.

मर्व्हचा खण एप्रिलपासून उघडला नव्हता. आज उघडला. दोन काढल्या. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं!

एक गव्हात पुरली, एक झाडीत. कंबर भरून आली, म्हणून झोपले.

२ जुलै
पाऊस. चहा. झोप.

१९ जुलै
बुलडोझरवाला सप्टेंबरात मोकळा आहे म्हणे. चालेल.

२३ ऑगस्ट
गावच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या उकरलेल्या चड्ड्या दोरीवर टांगल्या. बाहेर सॉसेजेस भाजत होते. क्लाइव्हची मेंढ्यांच्या कुरणात होती, ती अर्धी उरली. झाडीतून मर्व्हचं नुसतं इलॅस्टिक निघालं. आणि गव्हातली? मळली होती, बाकी जशीच्या तशी.

क्लाइव्ह म्हणाला, "धुऊन घालता येईल की! मर्व्हने आयुष्यात कुणाला फुकट खाऊ दिलं नाही!" हॉल हसला. मीही तोंड हसरं केलं.

केरिन मला बाजूला घेऊन सांगत होती, "झाडीतल्या मातीत खाणारे नाना तऱ्हेचे असतात, डॉट. एकाचं उष्टं दुसऱ्याला लागतं. झाडी काढून वर्षानुवर्षं नुसता गहू घेतला, फवारे मारले, की त्यातले मोजकेच उरतात." मी मान हलवत होते.

२४ ऑगस्ट
गव्हातली धुतली. डाग निघाले. वाळवून, घडी घालून खणात ठेवली. कुठे गेलीच नव्हती जणू.

मग राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं! जन्मभर त्या शेतात राबला माणूस. तिथली झाडी तोडली त्यानेच, त्याच्या बापाबरोबर. आणि तिथे त्याची चड्डीसुद्धा कुणी घेतली नाही. जेवले नाही. भांडी आपटली.

३१ ऑगस्ट
गमबूट घालून तळ्यापलीकडे जाऊन आले. पाय दुखतायत.

१ सप्टेंबर
क्लाइव्ह आला. "उद्या सकाळी बुलडोझर येतोय."

"चालेल."

त्याचं लक्ष फ्रिजकडे गेलं. "डबा कुठाय?"

"रिकामा आहे, धुवून ठेवलाय. मर्व्हला काल झाडीत ठेवून आले. इलॅस्टिक निघालं त्याच खड्ड्यात. तिथे त्याला घेणारं कुणीतरी आहे."

क्लाइव्हने टोपी काढली. मग अंगणात जाऊन बुलडोझरवाल्याला फोन लावला, येऊ नको म्हणून.