आत्याचा डावा डोळा

प्रिय आत्या,

पाकिटावर ‘शाळेच्या गणवेशांबाबत चौकशी’ असं लिहिलंय, ते साफ खोटं आहे. कुठल्याही शाळेला काहीही शिवायचं नाहीये. पत्तासुद्धा मी मुद्दाम आमच्या मालकांकडून लिहून घेतला, कारण माझं कोंबडीच्या पायाचं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच मशीनच्या खणात सरकवलं असतंस. आता फोडलंच आहेस तर वाच. शिव्या शेवटी एकदम दे. मधेमधे दिल्यास तर तुझाच दम जाईल, पत्र लांब आहे.

मला सगळं कळलंय. काजवाली मावशीवर डाफरू नकोस, तिनं आपणहून सांगितलं नाही, मीच फोनवर गोड बोलून काढून घेतलं. ती बिचारी जन्मभर काजं करत आली, गोष्ट कुठून उसवायची ते तिला कुठलं कळायला! तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तुझा डावा डोळा काढला, मागे गाठ होती म्हणून. जीव वाचला हे फार बरं झालं. पण तेव्हापासून तू दुकानाच्या पुढच्या खिडकीशी बसत नाहीस. काळा चष्मा लावून मागच्या पडद्याआड बसतेस, मावशी बाहेर मापं घेऊन ओरडते आणि तू आत कापड कापतेस. डॉक्टरांनी कृत्रिम डोळ्याचं विचारलं तर म्हणालीस, देवानं नेला तो नेला, खोटा डोळा लावून जगाला फसवायचं माझं वय राहिलेलं नाही. आणि मावशीला वर बजावलंस, पोरीला कळवू नकोस, ती हसेल. आत्या, मी हसले नाही. बरं, खोटं कशाला बोलू, एकदा हसले. त्या जाड्या बेकरीवाल्याच्या कंबरेचं माप मावशीनं भर दुकानात ओरडून सांगितलं आणि तो माप न देताच पळाला, तेव्हा. पण तो पळाला म्हणून हसले.

‘फसवणूक’ हा शब्द तुझा आवडताच आहे. सहा वर्षांपूर्वी मी घर सोडलं तेव्हाही तोच होता. खिडकीतल्या बिनचेहऱ्याच्या पुतळ्याला मी डोळे रंगवले, आणि शाळेच्या मोठ्या बाई त्याच्याशी पाच मिनिटं बोलत उभ्या राहिल्या. उत्तर देत नाही म्हणून रागावल्या, आणि खरं काय ते कळल्यावर गणवेशांची ऑर्डरच रद्द करून गेल्या. चूक माझी होती, मान्य. पण तू ओला बोळा घेऊन ते डोळे पुसलेस आणि म्हणालीस, ही कला नाही, ही फसवणूक आहे, तुला बघता येत नाही, नुसतं बनवता येतं. ते मात्र मी मान्य केलं नव्हतं आणि आजही करत नाही. आता तर मी पोटापाण्यालाच डोळे बनवते. पुतळ्यांना नाही, माणसांना. तुला हे माहीत आहे आणि तू कुणाला सांगत नाहीस, हेही मला माहीत आहे. लोकांना सांगतेस, भाची बटणांच्या कारखान्यात आहे. छान! फारशी चूक नाही म्हणा. बुबुळ रंगवतो ती चकती शर्टाच्या बटणाएवढीच असते.

पहिल्या महिन्यात मी एक तपकिरी बुबुळ रंगवून भिंगबाबांसमोर ठेवलं. भिंगबाबा म्हणजे आमचे मालक, कपाळावर कायम भिंग चढवलेलं, झोपतानाही काढत नसावेत. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “बटण झकास झालंय. आता डोळा कर.” मग आठवडाभर मला ब्रशला हात लावू दिला नाही. म्हणाले, बाहेर जा, बघून ये. काय बघू? तर म्हणे, तपकिरी बघ. मला वाटलं, म्हातारा माझीच गंमत करतोय, म्हणजे माझा धंदा माझ्यावरच. पण गेले. झाडांच्या साली बघितल्या, चिरलेल्या भोपळ्याच्या आतले धागे बघितले, ओढ्याकाठी बसून दगड बघितले. दगड वाळलेला असला की नुसता मातकट. पाण्यात बुडवला की आत हिरवं, तांबूस, मधासारखं पिवळं, सगळं झोपेतून उठतं. परत येऊन सांगितलं, तपकिरी हा आळशी लोकांचा शब्द आहे. तेव्हा कुठे म्हाताऱ्यानं ब्रश हातात दिला. अजूनही चकती रंगवून झाली की मी तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघते, कारण डोळा जन्मभर ओलाच असतो, कोरड्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला पाच वर्षं बसून जे मला कळलं नाही ते एका ओढ्यानं दुपारभरात शिकवलं, आणि फी घेतली नाही.

एक चोरी कबूल करते. तुझं लाल रेशमी दोऱ्याचं रीळ, ज्याच्यासाठी तू मावशीला दोन दिवस धारेवर धरलं होतंस, ते मी घर सोडताना खिशात घातलं होतं. परत मिळणार नाही. डोळ्याच्या पांढऱ्या वाटीवर शिरा दाखवायच्या असतात ना, त्या रंगानं काढल्या की मेल्यासारख्या दिसतात. दोरा पिंजून त्याचा एकेक तंतू सुईनं मांडावा लागतो. म्हणजे आजच्या घडीला चाळीसेक माणसं तुझा दोरा डोळ्यात घालून फिरतायत. त्यातला एक वेल्डर आहे, ठिणगी उडून डोळा गेला होता. पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा हा दांडगा माणूस आरशालाच म्हणाला, “काय बे, कुठं होतास इतके दिवस?” त्याआधी चार महिने तो बायकोशी तोंड फिरवून बोलायचा. आता सांग, यात कुणी कुणाला फसवलं? बायकोला माहीत आहे, त्याला माहीत आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्या डोळ्यानं त्याला काहीही दिसत नाही. पण त्याला मान वर करता येते. तू शर्टाच्या खांद्यात कापडाची पट्टी भरून पडका खांदा उचलतेस, ती मग फसवणूक नव्हे काय? बोल की आता!

आणि देवाचं म्हणशील तर त्याला मधे घेऊ नकोस, त्याच्याशी माझं रोजचं काम आहे. मी प्रार्थना करत नाही, पण भिंगातून माणसांचे डोळे बघते. एकासारखा एक नसतो. एकाच माणसाचा डावा उजव्यासारखा नसतो. इतका माल रोज काढायचा आणि एकदाही साचा वापरायचा नाही, असा कारागीर मी दुसरा बघितलेला नाही. लोक विचारतात, तुम्हा कलाकारांना स्फूर्ती कुठून येते? भिंगबाबा सांगतात, “उत्तरेच्या खिडकीतून. पुसलेली असली तर येते.” खिडकी पुसायचं काम माझ्याकडे आहे. माझी भक्ती म्हणशील तर तेवढीच.

आता तुझी एक गोष्ट सांगते, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. मी! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती! संध्याकाळच्या प्रार्थनेला डोळे घट्ट मिटायचे, हा तुझा नियम. मी कधीच मिटायचे नाही, मिटले तर बाकीचे काय करतायत ते कसं कळणार? आणि एक दिवस बघितलं तर तुझा उजवा मिटलेला आणि डावा उघडा. ओठ चालूच. दुकानात उन्हाचा तिरपा पट्टा आला होता, त्यात कापडाचे बारीक तंतू तरंगत होते आणि तू ते बघत होतीस. मग मी रोज लक्ष ठेवलं. रोज उघडा! कधी पट्टा, कधी भिंतीवरची सावली, एकदा नुसती मुंगी. माझ्या मते तुझी खरी प्रार्थना तो डावाच करत होता, उजवा नुसता हजेरीला होता. देवाला इतकी वर्षं ते चाललं. आता तिथे मी काहीतरी रंगवून ठेवलं तर त्याचं काय बिघडतंय?

होय, रंगवलाय. मावशीचा फोन आला त्या दिवसापासून अकरा दिवस दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून. आमच्याकडे नियम आहे की डोळा आठवणीतून करायचा नाही, फोटोवरून करायचा नाही. माणसाला खिडकीशी बसवायचं आणि त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत करायचा. मी म्हटलं, नियम दुसऱ्यांना. आत्याचा डोळा मला पाठ आहे, दुसऱ्या कुणासमोर मी इतका वेळ कान धरून उभी राहिलेली नाही. बाहुलीखाली, थोडा उजवीकडे, मोहरीएवढा पिवळा ठिपका. तू रागावलीस की तोच आधी दिसायचा. तोही काढला. पाण्याचा थेंब टाकला आणि आत्या, तू बघितलंस माझ्याकडे. मी चकती तळहातावर ठेवून, चोरून नाही, सरळ भिंगबाबांपुढे गेले.

त्यांनी बराच वेळ बघितलं. “काम एक नंबर,” म्हणाले. “वय काय बाईंचं?” मी म्हटलं, एकसष्ट. “मग ह्या त्या नव्हेत. ह्या पंचेचाळिशीच्या आहेत.” मी भांडले. त्यांनी स्वतःची पापणी खाली ओढून मला दाखवलं. बुबुळाच्या कडेला दुधाच्या सायीसारखी एक करडी कड असते. वय झालं की बहुतेकांना येते, कुणाला जाड, कुणाला पुसट, कुणाला अर्धीच. मला हे माहीत होतं. आठवड्याला दोन तरी रंगवते मी. तुझ्या डोळ्यात ती काढायचं सुचलंसुद्धा नाही. घर सोडलं तेव्हा तू पंचावन्नची होतीस, मी एकोणीसची, म्हणजे तुला शेवटचं नीट बघितलं ते मी नऊ वर्षांची असताना. मोठी झाले, कान धरणं बंद झालं, आणि मी तुझ्याकडे बघणंच सोडून दिलं. एकाच घरात दहा वर्षं! पुतळ्याचे डोळे पुसताना तू जे म्हणालीस त्यातलं एवढंच खरं होतं, बाकीचं नाही. फुशारून जाऊ नकोस.

भिंगबाबांनी ब्रश पुढे केला, म्हणाले, कड अंदाजानं काढ, पाच मिनिटांचं काम आहे, कुणाला कळणार नाही. मी नाही काढली. जे बघितलेलं नाही ते मी रंगवत नाही, ती खरी फसवणूक. म्हणून हे पत्र. मी गुरुवारी सकाळी दहाच्या गाडीनं येतेय. माफी मागायला येत नाहीये, ऑर्डर गेली त्याला सहा वर्षं झाली आणि शाळेच्या त्या बाई तेव्हाही खडूसच होत्या. तुला डोळा लावायला भाग पाडायलाही येत नाहीये. डोळा बसवायचा तर त्याचं माप इथे येऊनच द्यावं लागतं, आणि यायचं की नाही ते तुझं तू ठरव. तयार झाला तरी डबीत घालून ठेव, मशीनच्या खणात टाक, मी काही बोलणार नाही. मला फक्त तुझा उजवा डोळा बघायचाय, आत्ताचा, एकसष्ट वर्षांचा, त्याच्या कडेसकट. तासभर लागेल. दुकानाचं शटर मी पूर्ण वर करणार आहे, पुढच्या खिडकीशी दोन स्टुलं मांडणार आहे आणि त्यातल्या एकावर बसणार आहे. रस्त्यावरून जाणाऱ्यांना बघायचं तर बघू देत, मावशीला ओरडायचं तर ओरडू दे. तू हाकलशील तर फुटपाथवर बसेन, तिथूनही ते दुसरं स्टूल दिसतं. पण तुला भेटायला म्हणून मी पडद्यामागे येणार नाही, आत्या. तिथल्या अंधारात मला तुझा रंग दिसायचा नाही.

तुझीच,
बटणांच्या कारखान्यातली