फोन बंद ठेवलाय

पळसदरी,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

ती. रूपालीवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. लग्न होऊन तुम्ही आपल्या घरी आलात त्याला इतकी वर्षं झाली, पण आपण दोघी कधी मोकळेपणाने बोललो नाही. तरी आज आईला नाही, दादाला नाही, तुम्हालाच लिहितेय. फोन बंद ठेवलाय, चालू केला की लगेच वाजायला लागतो. हे पत्र रिसॉर्टला भाजी आणणाऱ्या नामाकाकांबरोबर पाठवते. त्यांचा टेंपो चौकला परत जातो, ते तुमच्या अंगणवाडीत आणून देतील. घरी देऊ नका असं त्यांना बजावलंय.

वहिनी, मी कर्जात बुडालेय. दिवाळीपासून मालकाने पगार अडकवलाय. दादा नोकरीला नको म्हणत होता तेव्हा मी तोऱ्यात सांगितलं होतं की दर महिन्याला घरी पैसे पाठवीन. ते थांबले असते तर त्याने मला परत बोलावलं असतं. म्हणून फोनवरच्या एका ॲपमधून थोडे घेतले. कागद नाही, जामीन नाही, लगेच खात्यात जमा. ते वेळेत फेडता आले नाहीत, म्हणून दुसऱ्या ॲपमधून घेऊन पहिल्याचे भरले. मग तिसऱ्यातून घेऊन दुसऱ्याचे. घेतले त्याच्या दुपटीवर भरून झाले, तरी देणं वाढतंच आहे.

पैशाचं एक वेळ परवडलं. त्या लोकांनी माझ्या फोनमधले सगळे नंबर आणि फोटो काढून घेतलेत. परवा एकाने मला माझा फोटो पाठवला. तोंड माझं, आणि खाली अंगावर चिंधीसुद्धा नाही. पैसे आले नाहीत तर हा दादापासून सुरुवात करून सगळ्यांना जाईल, असं म्हणाला.

वहिनी, दादा अंघोळीला गेला की त्याचा फोन बघा. काही आलं असेल तर पुसून टाका. त्याने ते बघितलं तर मला जिवंत ठेवणार नाही. उत्तर नामाकाकांकडेच द्या. मी जिच्या घरी भाड्याने राहते त्या जयाच्या फोनवर करू नका. तिलाही धमक्या आल्यात आणि तिचा नवरा वैतागलाय.

इतकी वर्षं मागितला नाही तो लोभ आज मागते.

तुमची,
निशिगंधा


लोधिवली,
ता. ६ फेब्रुवारी २०२५

चि. निशूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मुलांच्या खिचडीच्या वेळी आलं. वाचता वाचता पातेलं करपलं, आणि मुलांना तशीच खावी लागली. तेवढ्यापुरती मी तुझ्यावर रागावलेय असं समज.

ह्यांचा फोन बघता आला नाही. हल्ली अंघोळीलाही सोबत नेतात आणि तो उघडायचा नंबर बदललाय. टेंपोच्या भाड्याचे फोन येतात म्हणे. त्यांना काही कळलेलं दिसत नाही. जेवण कमी झालंय, पण पित्ताचं म्हणतात. टेंपो घेऊन पहाटे जातात ते अंधार पडल्यावर येतात.

मला मात्र काल फोन आला. तू माझं नाव जामीन म्हणून दिलंयस असं तो माणूस हिंदीत सांगत होता. मी म्हटलं, पत्ता दे, येऊन भेटते. त्याने घाणेरडी शिवी देऊन ठेवला. बोलताना आवाज खणखणीत निघाला, पण नंतर मुलांची हजेरी तीनदा घेतली तरी आकडा जुळेना.

तुझ्या पैशांबद्दल एक सांगते. आई ते देवापुढे ठेवून मग कपाटात ठेवायच्या, आणि शेजारी सांगून यायच्या. कर्ज काढून पाठवतेयस हे कळलं असतं तर मीच परत केले असते. यापुढे कुणाकडूनही नवीन घेऊ नकोस. बचत गटात मी बायकांना हेच सांगते, उसन्याने उसनं फिटत नाही. तो फोटो पुसू नकोस, पोलिसांना दाखवावा लागेल. आपण दोघी मिळून जाऊ. ह्यांना सांगावं असं माझं मत आहे, पण तू हो म्हणेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

लोभ मागायचा नसतो गं, तो असतोच.

तुझी,
रूपालीवहिनी


पळसदरी,
ता. १० फेब्रुवारी २०२५

वहिनी,
सा. न.

पोलीस नको. तिथे तो फोटो चार माणसं बघतील. काल रिसॉर्टवर फोन आला होता, तेव्हापासून मॅनेजरने मला काउंटरवरून उठवून मागे चादरी घड्या घालायला बसवलंय. तो माझ्याकडे बघत नाही. म्हणजे त्याने बघितलाच असणार.

तू नको म्हणालीस, आणि तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी आणखी एक कर्ज घेतलं. माझ्या हातांना आता दुसरं काही सुचतच नाही. ते संध्याकाळपर्यंत संपलंसुद्धा. आता दोन माणसं पाठवतो म्हणालेत. फाटकापाशी मोटारसायकल थांबली की मी कोठीच्या मागे जाऊन उभी राहते.

आज दुपारी धरणावर गेले होते. फिरायला आलेली मुलं फोटो काढत होती. ती गेली तरी मी बसून राहिले. पाणी अगदी शांत होतं. जया शोधत आली आणि हाताला धरून घेऊन गेली. घरापर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

मी नसलेच तर ते कुणाकडे मागतील गं? दादाला काही सांगू नकोस. आईला जप.

निशू


लोधिवली,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. निशू,
आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. शाळेत परीक्षेला लिहिलं होतं, त्यानंतर हेच. रूपालीने समोर बसवून लिहायला लावलंय.

तुझं ते पत्र वाचून ती नामाकाकांच्याच टेंपोत बसून तुझ्याकडे आली. मला सांगून गेली होती, बहिणीकडे जाते. दुसऱ्या दिवशी परत आली तर दारात आपला टेंपो नाही. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी तो शिळफाट्यावरून ओढून नेला होता. हप्त्याचे पैसे कुठे गेले, असं तिने विचारलं. मी आधी डिझेल सांगितलं, मग टायर सांगितले. मग खरं सांगावं लागलं.

निशू, तो फोटो मला जानेवारीतच आला होता. मी माल उतरवत होतो. बघितला आणि माल तसाच टाकून गाडीत जाऊन बसलो. तो खोटा आहे हे मला कळलंच नाही. तुला कुणीतरी कुठेतरी नेलं, तुझ्यावर काहीतरी बेतलं, असंच डोक्यात आलं. फोटो पाठवणारे पैसे मागत होते, मी पाठवले. पुन्हा मागितले, पुन्हा पाठवले. तुला एकदा फोन करून विचारलं असतं तर सगळं कळलं असतं. पण तू हो म्हणालीस तर काय करायचं, या भीतीने विचारलं नाही.

तू मला घाबरतेस, हे रूपालीने सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना. गावात आवाज चढवून बोलणारा मी, फोन वाजला की मोरीत जाऊन कडी लावायचो.

उद्या सोमवारी आपण तिघं कर्जतला पोलीस स्टेशनला जाऊ. तिथे पोलीस तो फोटो बघतील. मी तुझ्या शेजारी उभा असेन. यापुढे त्या लोकांना पैसा जाणार नाही, तुझाही नाही, माझाही नाही. मग ते फोटो सगळीकडे पाठवतील. रूपाली म्हणते, पाठवू देत. मला एवढा धीर नाही, पण मी तिच्या मागे चालणार आहे.

धरणाकडे जाऊ नकोस. एवढं एक माझं ऐक. बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
हर्षददादा


लोधिवली,
ता. २ मार्च २०२५

चि. निशूस,
अ. उ. आ.

नामाकाका सांगत होते, तू भाजी उतरवून घ्यायलासुद्धा बाहेर येत नाहीस. म्हणून इथलं सगळं लिहिते. लपवलं तर तू याहून वाईट काहीतरी मनात रचत बसशील.

तक्रार लिहून घेताना पोलीस मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. पैसे थांबले आणि फोटो सुटला. तुझ्या शाळेच्या मैत्रिणी, चुलत घरं, गटातल्या बायका, सगळ्यांना गेला. राजेशकाका घरी येऊन म्हणाले की पोरींना बाहेर धाडलं की असंच व्हायचं. ह्यांनी त्यांना चहा दिला आणि सरळ सांगितलं की त्या भामट्यांना सगळ्यात जास्त पैसे मीच दिले, तेव्हा बोलायचं तर मला बोला. काका चहा न पिता गेले. नाक्यावर पोरं काहीतरी बोलली असावीत, कारण एका संध्याकाळी ह्यांचा सदरा फाटलेला होता. मी शिवून ठेवला.

देण्याचं असं आहे. तुझी दोन कर्जं नोंदणी असलेल्या कंपन्यांची निघाली. ती फेडायची आहेत, हप्ते बांधून मिळतील. बाकीच्यांना दमडी द्यायची नाही असं मॅडमनी बजावलंय. टेंपो सोडवायला मी गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत बसलेल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये तो फोटो होता आणि सगळ्या चटईकडे बघत होत्या. शेवटी ज्यांची पाळी होती त्या जयवंताकाकी म्हणाल्या की या वेळचं कर्ज आधी रूपालीला द्या, माझी शिलाई मशीन थांबेल. गुरुवारी टेंपो दारात आला. सगळं फिटायला दोन वर्षं तरी लागतील. माझी भीती गेलीय असं समजू नकोस. अनोळखी नंबर दिसला की अजून फोन पदराखाली दाबून ठेवते.

आता तुला जे विचारायचंय आणि तू विचारत नाहीस ते. हो, आईंनी बघितला. आम्ही दोघं इतके दिवस जपत होतो, तर तो त्यांच्याच फोनवर आला. मला अंगणात हाक मारली आणि फोटो मोठा कसा करायचा ते विचारलं. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितला. मी घाईघाईने सांगत सुटले की तोंड तेवढं आपल्या निशूचं आहे, बाकी धड दुसऱ्याच कुणाचं जोडलंय, मशीनवर असं करता येतं. आता त्या रडतील, नाहीतर तुला शिव्या देतील, म्हणून मी वाट बघत होते.

त्यांनी चष्मा काढून फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “मंग ही बाकीची कुनाची पोर गं? तिच्या आयेला ठाव हाय का?”

आपण तिघं तो फोटो बघून अर्धे मेलो होतो, आणि हे आपल्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तेव्हापासून त्या ह्यांच्या मागे लागल्यात, पोलिसांना विचार म्हणून. हे टाळतात. म्हणून आता त्या स्वतःच कर्जतला जाऊन मॅडमना विचारणार आहेत, की माझ्या पोरीची तक्रार लिहून घेतली तशी तिची कोण लिहून घेणार. ठेवणीतलं लुगडं काढून झालंय. तू बरोबर पाहिजेस म्हणतात, कारण त्यांचं बोलणं मॅडमना नीट कळलं नाही तर सांगायला घरातलं शिकलेलं माणूस हवं.

उद्या सकाळी टेंपो घेऊन आम्ही येतोय. आई पुढे बसतील, तू आणि मी मागे. फाटकाच्या बाहेर येऊन उभी राहा.

सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळ.

तुझी,
वहिनी