अनुराधापूरची पन्नास मिनिटं

नाशिक रोड,
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

चि. सुयश यास,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. सकाळी आठपर्यंत गॅलरीत उभं राहवत नाही. तू पाठवलेला हीटर मंगळवारी मिळाला, शेजारच्या महेशने लावून दिला. पिंकीने काढलेलं हत्तीचं चित्र कपाटावर चिकटवलं आहे. हत्तीला तिने पाच पाय काढलेत. तिला सांग, आजीने मोजले आणि पाचही आवडले.

फोन असताना मावशी पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर बोलायचा मी तीनदा प्रयत्न केला. एकदा दिवाळीत, दोनदा त्यानंतर. दर वेळी तू आधीच विचारतोस, "मावशी, जेवलीस का? गोळी घेतली का?" आणि माझं अवसान गळतं. कागद मध्ये काही विचारत नाही.

गेल्या रविवारी आपल्या कॉलनीतली ललिता आली होती. पोस्टातून रिटायर झालेली, तुला आठवत असेल. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मार्चमध्ये थायलंडला निघाल्या आहेत. वही-पेन घेऊनच आली. म्हणाली, "ताई, तुम्ही एवढ्या फिरलात. तिकडे एटीएमला लय पैसे कापतात म्हणे. ते कसे वाचवायचे तेवढं सांगा."

मी सांगायला सुरुवात केली. हे मला तोंडपाठ आहे रे. थोडे थोडे काढू नका, एकदाच मोठी रक्कम काढा. विमानतळावर नोटा बदलू नका. सगळे पैसे एका पिशवीत ठेवू नका, एक कार्ड खोलीवरच राहू द्या. मशीन विचारतं, आमचे एवढे पैसे कापू का? लगेच हो म्हणू नका. रद्द करा आणि दुसऱ्या बँकेचं मशीन शोधा.

ते वाक्य तोंडातून गेलं. ललिता पेन धरून बसली होती. मी उठून आत गेले, गॅसवर काहीच नव्हतं तरी गॅसपाशी उभी राहिले. ती बिचारी थोड्या वेळाने दार ओढून घेऊन निघून गेली.

त्याच्या आदल्या दिवशी स्नेहाचा फोन आला होता. तुला न सांगता केला म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस. तिने सांगितलं की तू डॉक्टरांकडे जातोस, झोपेच्या गोळ्या चालू झाल्या आहेत. म्हणाली, "मावशी, ते सारखं एकच बोलतात. आईच्या कार्डाचं परदेशातलं एटीएम चालू करायचं राहिलं, दोन वेळा बोट लावायचं काम होतं, तेवढं मी विसरलो आणि आई गेली. तुम्ही समजवा ना, तुमचं ऐकतील."

म्हणून हे पत्र. समजवायला नाही.

सुयश, तू विसरला नव्हतास. कार्ड चालू होतं.

आता जुलैमधलं सगळं नीट सांगते. जसं झालं तसं.

आक्काला श्रीलंका बघायची होती, म्हणजे बघायचा होता तो अनुराधापूरचा बोधिवृक्ष. देवळ्याकडच्या खेड्यात जन्म, चौथीत शाळा सुटली, मग सावळीराम भाऊजींच्या प्रेसच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं. नाशिकमध्ये नोटा छापणाऱ्या माणसाची बायको, पण तिने बँकेत एकटीने कधी पाऊल टाकलं नाही. भाऊजी गेल्यावर तिची पेन्शन, तिचं कार्ड, सगळं तूच बघायचास. निघताना तू कार्ड माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "मावशी, पैशाचा विचार करू नकोस. लागेल तेवढे काढ." मी हसले होते. पैशाचा विचार न करता फिरायचं मला माहीतच नव्हतं. शिक्षिकेच्या पगारात मी नेपाळ केलं, थायलंड केलं, ते असंच एकेक रुपया धरून. चार बायका माझं कौतुक करायच्या. मला ते आवडायचं.

कोलंबोला उतरल्यावर माझ्या कार्डावर एकदा पैसे काढले. तेवढ्यात सगळं भागवायचं असं मी ठरवलं होतं. आक्काचं कार्ड पर्समध्ये तसंच होतं. माझं कार्ड आणि उरलेले डॉलर खोलीवरच्या बॅगेत कुलूप लावून ठेवले होते.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून बोधिवृक्षाला गेलो. तिने वंदना म्हटली. तिकडच्या बायकांची पाली वेगळ्या चालीची, पण शब्द तेच. ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "अगं, यांना पण आपलंच येतं की!" ते मी तुला सांगितलं होतं. पुढचंही बरंचसं सांगितलं होतं, की उन्हात परत येताना तिला घाम फुटला, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर ती बसली, जबडा दुखतो म्हणाली आणि मग डावा हात. मी म्हटलं, पित्त असेल, सकाळपासून उपाशी आहेस. ती म्हणाली, "पित्त नाय गं. मला दवाखान्यात ने."

साडेअकरा वाजले होते.

माझ्याकडे तिथले साडेतीनशे रुपये होते. मी तिला म्हटलं, "आलेच, पैसे काढून आणते." चहावालीने खुणेने रस्ता दाखवला. पाच मिनिटांवर एटीएम होतं. मी कार्ड घातलं, तू लिहून दिलेला नंबर दाबला. मशीनने सगळं घेतलं, रक्कम विचारली, आणि मग पडद्यावर आलं की या व्यवहाराला चारशे रुपये जास्तीचे लागतील, पुढे जायचं का? चारशे म्हणजे आपले शंभर-सव्वाशे. नाशिक रोडहून पंचवटीला रिक्षाने जायला याहून जास्त पडतात.

मी रद्द दाबलं.

मशीन बिघडलं नव्हतं. कार्डाने दगा दिला नाही. मी दाबलं. विचार करून दाबलं असंही नाही. इतक्या वर्षांची सवय, बोट आपोआप गेलं. कार्ड बाहेर आलं तेव्हा क्षणभर वाटलं, परत घालावं. पण आदल्या दिवशी खोलीच्या मालकिणीने सांगितलं होतं की बाजाराकडे एका बँकेचं मशीन काही कापत नाही. मला वाटलं, दहा मिनिटांत जाऊन येऊ.

बाजार दहा मिनिटांवर नव्हता. ते मशीन सापडलं तर त्यावर कागद चिकटवलेला, बंद. एका दुकानदाराने आणखी पुढचं एक सांगितलं. तिकडेही गेले रे. पाय भाजत होते, मी मनातल्या मनात चारशे रुपये वाचवत होते आणि माझी बहीण टपरीवर बसून होती. ते पुढचं मशीन सापडलंच नाही. मग घाबरले आणि पळत पहिल्या मशीनकडे आले. तिथे तीन माणसं उभी होती. मी रांगेत उभी राहिले. माझ्या बहिणीला दवाखान्यात न्यायचं आहे, असं सांगून पुढे गेले असते, तर त्यांनी जाऊ दिलं असतं. मी काही बोलले नाही. मग रांग सोडून टपरीकडे पळाले, तर आक्का तिथे नव्हती. तिचा चष्मा बाकावर होता.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

चहावालीने तिला एका रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिच्या नवऱ्याने मला स्कूटरवर मागे बसवून तिथे पोहोचवलं. डॉक्टर तरुण होता, इंग्रजी चांगलं होतं. त्याने विचारलं, "दुखणं कधी सुरू झालं?" मी म्हटलं, "आत्ताच, थोड्या वेळापूर्वी." त्यालासुद्धा मी खरं सांगितलं नाही. तो म्हणाला, "हिला लवकर आणायला हवं होतं." दोन वाजता ती गेली. मी आत होते तेव्हा तिने डोळे उघडले नाहीत. शेवटी ती माझ्याशी काही बोलली, असं मी तुला सांगितलं होतं. "सुयशला जप" म्हणाली, असं. तसं काही ती बोलली नाही. ते मी रचलं. तुझ्यासाठी रचलं असं मी स्वतःला सांगत होते.

दवाखान्याने आपल्याकडून एक पैसा घेतला नाही. तिथे सरकारी दवाखान्यात घेत नाहीत. हे मी जायच्या आधी वाचलंही होतं.

आणखी एक राहिलं आहे. वरचं सगळं लिहून पेन खाली ठेवलं होतं. चहा केला, तो तसाच गार झाला. लिहायलाच हवं.

मी मशीनकडे निघाले त्याआधीच तो रिक्षावाला टपरीपाशी उभा होता. मी त्याला दवाखाना विचारला. तो आठशे म्हणाला. मी माझे साडेतीनशे दाखवले. त्याने आक्काकडे बघितलं, तिचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "ओके, ओके, कम, कम." दारही धरलं. आक्का उठायला लागली. मीच तिला खाली बसवलं. मला वाटलं, आत्ता ओके म्हणतो, तिथे उतरल्यावर भांडून जास्त मागेल, परक्या मुलखात कुठे वाद घालणार. भाडं ठरवल्याशिवाय आणि हातात पैसे असल्याशिवाय बसायचं नाही, हा माझा नियम. आक्का म्हणाली, "पर्तिभा, राहू दे ना पैसं. चल ना गं." मी म्हटलं, "तुला नाही कळत यातलं, आक्का. बस तू. आलेच, पैसे काढून आणते."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं, आणि माझं तिच्याशी.

तिला नेलं ते त्यानेच. मी गेल्यावर अर्धा तास वाट बघून त्याने आणि चहावालीने तिला उचललं. दुसऱ्या दिवशी मी त्याला शोधून दोन हजार द्यायला गेले. त्याने छातीला हात लावला, नको म्हणून मान हलवली आणि निघून गेला.

त्या दुपारी तुला फोन केला तेव्हा मी म्हटलं, "पैसे काढायला गेले होते रे, मशीनमधून निघालेच नाहीत." एवढंच म्हणाले होते. तू पलीकडून म्हणालास, "माझंच चुकलं, मावशी. मी ते परदेशाचं चालू केलं नसणार." तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. मी रडत राहिले आणि तुला वाटलं, मी तुझ्यामुळे रडते आहे. तिसऱ्या दिवशी तू अनुराधापूरला आलास. स्मशानातून परत येताना मला जवळ घेऊन म्हणालास, "तू होतीस म्हणून आई एकटी नव्हती." ती एकटी होती, सुयश. पन्नास मिनिटं एकटी होती. भाषा न कळणाऱ्या माणसांत, माझी वाट बघत.

बँकेने तुला कळवलं की त्या दिवशीची काही नोंद सापडत नाही, तर तू म्हणालास, बँक लपवते आहे. खातं बंद झालेलं, तुला दुसरीकडे कुठे पडताळता येत नव्हतं. बँक खरं सांगत होती. रद्द केलेल्याची नोंद कुठून असणार? बँकेविरुद्ध केलेला तो तक्रारीचा अर्ज आता मागे घे. आणि हे पत्र डॉक्टरांकडे घेऊन जा, त्यांना दाखव. स्नेहालाही वाचायला दे. पिंकी मोठी झाल्यावर तिला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मार्चमध्ये घर आवरून कायमचं तुमच्याकडे यायचं, असं तू म्हणतोस. ते बोलावणं या पत्रानंतर उरलं आहे असं मी धरणार नाही. इथे मला अडचण नाही. शेजारी महेश आहे, खाली दवाखाना आहे.

पुढच्या महिन्यात पौर्णिमेला आक्काच्या नावाने विहारात भोजनदान आहे. देवळ्याहून सगळे येतील. भागीबाई आत्या दर वेळी माझा हात धरून म्हणतात, "पोरी, तू तिचं सोनं केलंस, तिला तेवढं दाखवलंस." या वेळी मी त्यांना आणि सगळ्यांना सांगणार आहे. तू तिथे असायला हवंस असं नाही. तुझी इच्छा.

ललिताकडे काल जाऊन आले. तिला म्हटलं, जे सांगितलं ते सगळं खोड. तिने समोर बसून खोडलं.

फोन कर किंवा करू नकोस. नाही आला तर मी कारण शोधत बसणार नाही. पण आज झोपायच्या आधी एवढं वाचून झोप की तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं. तू आईला सगळं नीट करून दिलं होतंस.

तुझ्या आईची धाकटी बहीण,
प्रतिभा