साताऱ्याचं कार्ड

आप्पा, तुमचं साताऱ्याचं कार्ड तीन-चार दिवसांपूर्वी आमटीत पडलं. माझ्याच कोपराचा धक्का वाटीला लागला. शाई दौतीची, त्यामुळे मी टिपून घेईपर्यंत अक्षरं पसरली आणि 'जेवून घे'मधला 'घे' तेवढा वाचण्यासारखा उरला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्यावर असं चिडायची वेळ आत्ता आली. घरात कशाकशाची कार्डं करून ठेवलीत, आणि नेमकं याचं एकच.

साताऱ्याच्या ग्रंथालयात तुम्ही नोकरीला होता तेव्हा सुट्टीत मी तिकडे यायचो. ते लांबट खण, त्यात एकामागे एक उभी कार्डं, खालच्या भोकांमधून गेलेली पितळी सळई. कुणी पुस्तक मागायला येतं, तुम्ही खण ओढता, बोटं कार्डांवरून भराभर जातात आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तुम्ही कपाट दाखवता. मला वाटायचं, जगात हरवलेलं सगळं तुम्हाला सापडतं. पुढे ग्रंथालयात कॉम्प्युटर आला आणि कोऱ्या कार्डांचे गठ्ठे विश्रामबागच्या आपल्या घरी आले. मग नळवाल्याचा पत्ता, गॅसचा नंबर, आईच्या ओल्या हळदीच्या लोणच्याचं प्रमाण, सगळं कार्डांवर चढलं. कॉलेजात असताना मी एकाच कार्डावर इस्त्रीवाल्याचा निरोप आणि परीक्षेचं वेळापत्रक लिहिलं, तर तुम्ही ते माझ्यासमोर फाडलंत. "एका कार्डावर एकच गोष्ट. दोन लिहिल्या की एक हरवते." मला तेव्हा हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा वाटतो.

निवृत्तीनंतरही तुमचा पाय साताऱ्याहून निघेना. तिथली पुस्तकं लावून द्यायला सकाळच्या एसटीने जायचात, आणि आई आंघोळीला गेलेली असली की साखरेच्या डब्याखाली कार्ड ठेवून जायचात. 'साताऱ्याला गेलोय. तू जेवून घे.' दर वेळी तेच कार्ड, परत आलात की पुन्हा खणात. एकदा आईने तुम्हाला बरोबर पकडलं. "आवं, एकच गोष्ट म्हंता आन् ह्याच्यावर दोन हायत की." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "ही एकच आहे." ती दिवसभर खुशीत होती.

आता आईला आठवत नाही, आप्पा. मी कोण ते बहुतेक वेळा कळतं, तुम्ही नाही हे मात्र कळत नाही. ताट वाढलं की म्हणते, "त्यांचं व्हायचंय अजून," आणि हात मांडीवर ठेवून बसून राहते. सुरुवातीला मी खरं सांगून पाहिलं. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली, दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ताटावर पुन्हा तुमची वाट बघत बसली. मग खण आवरताना ते कार्ड मिळालं. ताटाशेजारी ठेवलं. तिने वाचलं, "गेले व्हय परत," म्हणाली आणि भाकरी मोडली. तेव्हापासून दोन्ही वेळा मी ते मांडत होतो.

ते आमटीत गेल्यावर मी तेच वाक्य छापून आणलं, तर तिने ते लाइट बिलांच्या गठ्ठ्यात नेऊन ठेवलं. माझ्या अक्षरात लिहिलं तर म्हणाली, "हे तुजं हाय. तुला काय ठावं ते कुटं गेल्यात?" शेवटी बाजारातून दौत आणि टाक आणला आणि तुमचा आखूड पायाचा 'ज' गिरवत बसलो. बराचसा जमला. आईने कार्ड खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

"आरं, अक्षर असं का झालंय ह्यांचं? हात कापतुया वाटतं."

"एसटीत लिहिलं असेल, आई."

"न्हाई रं. बरं न्हाई त्यांना. एकटंच हायत तितं."

जेमतेम चार घास खाल्ले तिने. मग कोरं कार्ड मागितलं आणि वाकडंतिकडं लिहिलं: 'मी जेवले. तुमी जेवला का?' माझ्या हातात देत म्हणाली, "हे साताऱ्याला धाड."

ते कार्ड माझ्यासमोर आहे. त्यावरही दोन गोष्टी आहेत आणि हे कार्ड कुठल्या खणात लावायचं ते मला समजत नाही. तुम्हाला समजलं असतं. काल सकाळपासून ती विचारतेय, उत्तर आलं का, आणि ते येईपर्यंत ताटाला हात लावायला तयार नाही. दूध पाजायला गेलो तरी ओठ मिटून घेते. तुमच्या अक्षरात 'हो, जेवलो' एवढं लिहिलं की ती जेवेल, हे मला पक्कं माहीत आहे. दौत उघडी आहे. पण आधी लिहिलं ते तुमचंच वाक्य होतं. हे तुम्ही कधी म्हणालाच नाहीत, आणि तुमच्या तोंडी घालायला माझा हात उठत नाही.

म्हणून हे एवढं लांबलचक तुम्हाला लिहीत बसलोय, माझ्याच अक्षरात. हे कुठे धाडायचं नाही, ठाऊक आहे. ते दोन शब्द लिहायला लागू नयेत म्हणून नुसता वेळ काढतोय, आप्पा, आणि ती तिकडे ताटावर बसलीय.