दोन सीटची गाडी आणि मागे मी

५ एप्रिल २०१६, मंगळवार

पद्माकरकाकांची गाडी आज परत गेटातल्या स्पीडब्रेकरवर बसली! पोट टेकलेलं, मागची चाकं नुसती गरगरतायत, गाडी ढिम्म. मागे टॅक्सीवाल्यांची रांग. काकांचा फोन — "अनिमेष, ये रे जरा, उचलायचीय." उचलायचीय! जशी काही पाण्याची बादली.

हळदीच्या रंगाची दोन सीटची स्पोर्ट्स कार. माझ्या गुडघ्यापर्यंत येते. काका इथे सिंगापुरात, तांजोंग पगारला एका बँकेच्या आयटीत मोठे साहेब. आमच्याच तोआ पायोहच्या ब्लॉकमध्ये राहायचे, मग स्विमिंग पूलवाल्या कॉन्डोत गेले आणि गाडी घेतली. रोज त्या स्पीडब्रेकरला नमस्कार करून तिरकी चढवतात. आज तिरकी करायची विसरले.

मी आणि त्यांच्या गार्डने ढकलून काढली. मग काकांना काढलं. गाडीपेक्षा काका अवघड. कमरेत चमक आहे, सीट जमिनीला टेकलेली. आधी डावा पाय, मग उजवा हात, मग जोर लावून बाकीचे काका.

घाम पुसत म्हणतात, "या देशात अशी गाडी ठेवणं म्हणजे वाघ पाळून बाल्कनीत फिरवणं. वेग धरावा तर समुद्र येतो. पुढच्या मार्चात हिचं दहा वर्षांचं सरकारी सर्टिफिकेट संपतंय, मग सरळ भंगारात. त्याआधी एकदा युरोपात पळवणार! जहाजाने पाठवतो."

"काका, तिकडे भाड्याने मिळतात की."

"भाड्याची गाडी म्हणजे भाड्याचा फेटा. सामानाला मागून एक व्हॅन लागेल. ती तू चालवायची. सक्तीच्या दोन वर्षांत आर्मीत पाच टनी ट्रक चालवलास ना? आणि तू काय, घरचाच आहेस."

घरचाच म्हणजे फुकट, हे मला कळतं. नाही म्हणायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात डोक्यात आलं — गाडीत सीट दोन. काका आणि सुनेत्राकाकू. मग त्यांची लेक मैत्रेयी कुठे बसणार?

व्हॅनमध्ये!

"येतो," म्हणालो. तोंड उघडलेलंच होतं.

६ एप्रिल

दोन सीटची गाडी ज्याने काढली त्याला साष्टांग नमस्कार.

१७ एप्रिल, रविवार

एकदा स्वच्छ लिहून टाकतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. मैत्रेयी मला आवडते. आर्मीतून डोकं भादरून आलो आणि ती लिफ्टमध्ये म्हणाली "छान दिसतोयस, नारळासारखा", तेव्हापासून. तिला अजून सांगितलेलं नाही. ती वन-नॉर्थला लॅबमध्ये, पेशी वाढवते. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला. प्रोफेसर सगळ्यांसमोर म्हणाला, तुझ्यासारख्यांनी ट्रकच चालवावा. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा ट्रक जास्त ऐकतो, आणि उठून आलो. परत गेलो नाही. अजून राग आहे. त्याचाही आणि माझाही.

या ट्रिपमध्ये तिला सांगायचं. नाहीतर कधीच नाही.

आज गाडी जहाजावर जायच्या आधी पूजा. काकूंचा हट्ट! कॉन्डोच्या कारपार्कात रांगोळी, कुंकू, चारही चाकांखाली लिंबं. गाडीपुढे नारळ ठेवला, तर काकांनी आत बसून नमस्कार करता करता ब्रेक सोडला आणि नारळ गाडीच्या नाकाखाली पाचरीसारखा बसला. ना पुढे ना मागे. शेवटी मीच पालथा पडलो आणि हात घालून काढला. गार्ड धावत आला — "अंकल, कॅनॉट लाह, नो कुकिंग हिअर!"

मैत्रेयी खांबाला धरून हसत होती. माझ्या कपाळाला ग्रीस, तिने ओढणीने पुसलं. बाबांनी तेवढ्यात साधलंच — "इंजिनिअरिंग सोडून सारथ्य! निदान गाडी तरी पूर्ण चालव, मध्येच सोडून येऊ नकोस." सगळे हसले. मी नारळ आपटायला उचलला होता, आईने हातातून काढून घेतला.

२८ मे

सामान बांधलं. स्पोर्ट्स कारच्या डिकीत काकूंची पर्स आणि एक छत्री मावते. छत्री तिरकी. म्हणून व्हॅनच्या वाट्याला: राइस कुकर, कुकर, मेतकूट, लोणच्याच्या तीन बरण्या, काकांचा कमरेचा पट्टा, गरम पाण्याची पिशवी, चटई आणि पोहे. इतके पोहे की मुंजीला पुरतील!

"काकू, एवढे?"

"लागतात बाबा परदेशात," असं म्हणून त्या दुसरीकडे बघायला लागल्या. आपण गेली वीस वर्षं परदेशातच राहतोय, हे बोललो नाही. मैत्रेयी पोह्यांच्या पिशवीला गाठीवर गाठ मारत होती.

३ जून, शुक्रवार

जर्मनी. बंदरावर गाडी सोडवली. तिकडचा माणूस भोवती फिरला, आत डोकावला आणि हसला. आमचं स्टिअरिंग उजवीकडे, त्यांचा देश डाव्या स्टिअरिंगचा. काका त्याला म्हणाले, "सिंगापूर!" तो म्हणाला, "आह." त्या एका "आह"मध्ये सगळं आलं.

माझ्या इथेच भाड्याने घेतलेल्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर काकूंनी राइस कुकर ठेवलाय. बेल्ट लावून! मागे भात सांडेल म्हणे. त्यामुळे मैत्रेयी मागच्या सीटवर. मी युरोप फिरतोय एका राइस कुकरला शेजारी घेऊन.

५ जून

आज तो जगप्रसिद्ध रस्ता, जिथे वेगाला मर्यादा नाही. काका यासाठी आयुष्यभर जगले. पांढरे हातमोजे घातले, गाडीने डरकाळी फोडली, काकूंनी देवाचं नाव घेतलं.

आणि काका नव्वदने निघाले.

नव्वद! मला वाटलं गरम करतायत. तासभर गरमच करत होते. मागे मी, माझ्या मागे साखरेचा टँकर, तो दिवे मारतोय. मग टँकरने आम्हा दोघांना मागे टाकलं. मग कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या एका आजीबाईंनी. त्यांनी वाकून गाडीत बघितलं, कोणी आजारी आहे का म्हणून.

मैत्रेयीने फोन स्पीकरवर लावला. मी ओरडलो, "काका, इथे लिमिट नाही!"

"तसं म्हणतात रे. पण पाटी नाही म्हणजे कॅमेरा नाही असं थोडंच? आणि बिल घरी येतं."

सिंगापूरने माणसाला असं करून ठेवलंय. वाघाचा पिंजरा उघडला तरी वाघ आतच येरझाऱ्या घालतो, बाहेरच्या गवतावर दंड असेल म्हणून.

मैत्रेयीला आरशात बघून म्हणणार होतो, तुला एक सांगायचंय — तेवढ्यात एका दाढीवाल्याने कट मारला. मग जे काय बोललो ते तिला उद्देशून नव्हतं.

७ जून

स्वित्झर्लंड. घाटात धुकं, गायींच्या घंटा, वळणावर वळण. ती मागून हळूच म्हणाली, "अन्या, तू मला काहीतरी सांगणार होतास का?"

"हो," म्हणालो. घसा साफ केला. आणि एक सायकलवाला — सायकलवाला! — मला उजवीकडून ओव्हरटेक करून, वर हात हलवून गेला. चढावर! पाच टनी ट्रक चालवलेल्या माणसाला! मी काच खाली केली आणि मराठीत त्याच्या सात पिढ्या काढल्या. पुढच्या वळणापर्यंत त्याचा पाठलाग केला.

परत आरशात बघितलं तर तिने कानात इअरफोन घातले होते.

८ जून

आज सांगणार.

८ जून, जेवणानंतर

नाही सांगितलं. बसवाला आडवा आला.

९ जून, इटली

टोलनाका. तिकिटाचं मशीन डावीकडे, आपल्या गाडीत डावीकडे काकू. काकूंचा हात मशीनच्या कमरेपर्यंत पोचतो. त्यांनी पदर खोचला, खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या, बांगड्या दाराला आपटतायत, काका आतून "अजून थोडं, अजून थोडं". मागे इटलीभर हॉर्न. मी व्हॅन सोडून पळालो, तिकीट काढून काकूंना दिलं आणि मागच्या हॉर्नवाल्याशी भांडलो. तो इटालियनमध्ये, मी मराठीत, दोघांनाही सगळं कळत होतं. मन मोकळं झालं.

परत आलो तर मैत्रेयी म्हणाली, "जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांशी बोलून झालं का तुझं?"

"का?"

"काही नाही. चल."

१२ जून, रविवार, स्टुटगार्ट

लिहितो.

काका म्हणाले होते, शेवटचा मुक्काम स्टुटगार्ट, गाड्यांचं म्युझियम बघायचं. सकाळी उठलो तर भाड्याच्या घरात मोहरीचा वास. काकू पोहे करतायत, ओलं खोबरं खवलेलं, वर कोथिंबीर. मैत्रेयी साडीत. जर्मनीत, सकाळी दहाला, साडीत! तेव्हा ट्यूब पेटली. कांदेपोहे! बघण्याचा कार्यक्रम! मी बंदरापासून आल्प्स ओलांडून, इटलीला वळसा घालून, तिला तिच्याच कांदेपोह्याला घेऊन आलो. पोह्यांसकट!

तिला गॅलरीत गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

मुलगा आला. अमेय. इथे गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. शांत, उंच, स्वच्छ. राग यावा असं काहीच नाही, म्हणून जास्तच आला. एकदा मैत्रेयीकडे बघितलं, मग खिडकीतून खाली गाडी दिसली. पोह्यांचा घास हातातच राहिला.

मग रीतीप्रमाणे काकू म्हणाल्या, "दोघांना जरा बोलायचं असेल तर..." अमेय म्हणाला, "गाडीतून चक्कर मारू का?" काका पेचात! मुलीला एकटं पाठवायचं नाही, बरोबर कोणीतरी पाहिजे. पण सीट दोन. शेवटी तोडगा निघाला — ते दोघं पुढे, मागून व्हॅनमध्ये काका, काकू आणि मी. काकू पुढच्या सीटवर, राइस कुकर मांडीवर.

अमेयने मोठ्या रस्त्यावर गाडी घातली आणि ती गेली. म्हणजे गेलीच! पिवळा ठिपका, मग तोही नाही. जन्मात पहिल्यांदा ती गाडी पळाली, आणि काका व्हॅनमध्ये.

"माझी गाडी!" काका किंचाळले.

"मैत्रेयी!" काकू किंचाळल्या.

मी काहीच किंचाळलो नाही. पाय पूर्ण दाबला होता. व्हॅन खिळखिळत होती, मागे लोणच्याची बरणी फुटली.

पेट्रोल पंपावर सापडले. अमेय गाडीखाली बघत उताणा. मैत्रेयी लांब बाकावर, साडीवर जॅकेट, सफरचंद खात. काकूंनी अधीर होऊन विचारलं, "मग, कशी वाटली?"

अमेय उठला, डोळे चमकत होते. "अप्रतिम! वळणावर जराही हलत नाही!"

काकू लाजल्या. काकांनी मान डोलावली. मला राहवलं नाही — "अरे, मुलगी कशी वाटली ते विचारतायत!"

काका हळू म्हणाले, "अनिमेष, तुझा काय संबंध?"

सांगायची हीच वेळ होती. सगळे समोर होते. तीसुद्धा बघत होती, सफरचंद तोंडापाशी धरून.

"मी ड्रायव्हर आहे!" असं ओरडलो आणि व्हॅनचं दार इतक्या जोरात आपटलं की हँडल हातात आलं.

१५ जून, बुधवार

सिंगापूर. गाडी जहाजावर चढली, आम्ही विमानाने आलो. विमानात माझी सीट शेवटची, संडासाशेजारी. तिची पुढे कुठेतरी. उतरल्यावर ती थांबली होती म्हणे. मी टॅक्सी केली.

अमेयच्या घरून होकार आलाय. आईने सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. मी म्हटलं, छान, ब्रेक चांगले लागतील संसाराला. आईने माझ्याकडे बघितलं आणि निवडलेली मेथी परत निवडायला घेतली.

मैत्रेयीचे मेसेज येतायत. उघडत नाही. पोह्यांना आमंत्रण मला नव्हतं, आता लग्नाला असेल. सामान वाहायला घरचा माणूस पाहिजेच!

१७ जून

तिने परत फोन केला. उचलला नाही. माझाही काही मान आहे.

१८ जून, शनिवार

आत्ता सुनेत्राकाकू स्विस चॉकलेट द्यायला येऊन गेल्या. आई त्यांना म्हणाली, आमच्या पोराने पार जर्मनीत जाऊन शोभा केली, राग धरू नका. काकू म्हणाल्या, "छे हो! यांना तर तिकडचाच ड्रायव्हर घ्यायचा होता. पण मैत्रेयीने अट घातली — अनिमेष येणार असेल तरच मी त्या मुलाला बघायला येते. का, ते शेवटपर्यंत बोलली नाही. आता आज उत्तर कळवायचंय तर म्हणते, दिवे लागेपर्यंत थांबा, मग जे असेल ते कळवा. खाली तुमच्या ब्लॉकच्या बाकावर येऊन बसलीय. मी म्हटलं वर चल, तर म्हणे नको."

समोरच्या ब्लॉकच्या पॅसेजमधले दिवे लागतायत. एकेक मजला करत.

आणि मी लिहीत काय बसलोय!